आकाशातून आलेली पाताळाची कैफियत

पृथ्वीचा मध्यबिंदू आपल्या पायांखाली सुमारे ६३७१ किलोमीटरवर आहे. आणि मनुष्याने घेतलेले सर्वांत खोल म्हणून गाजलेले छिद्र, रशियातील कोला द्वीपकल्पावरचे, १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर पोहोचून थबकले. भूगर्भाविषयी आपण जे काही अधिकारवाणीने बोलतो ते सारे परोक्ष पुराव्यावर, आणि त्या पुराव्याच्या दप्तरातील काही फार मोलाचे कागद, विपरीत वाटेल, पण आकाशातून पडलेले आहेत.

१७९८ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश यांनी पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपटीच्या आसपास ठरवली, तेव्हाच हे उघड झाले होते की, ज्या अर्थी भूपृष्ठावरचे बहुतेक खडक पाण्याच्या तिपटीइतकेही जड भरत नाहीत, त्या अर्थी आत फार जड द्रव्य दडलेले असले पाहिजे. ते द्रव्य कोणते, याचा दाखला मात्र जमिनीवर मिळेना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल वीखर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने लोहअशनींच्या आधारे लोखंडी गाभ्याची कल्पना मांडली. आणि १८९७ च्या आसाम भूकंपाचा तपास करून नावाजलेले रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या मंदावण्यावरून गाभ्याचे अस्तित्व शाबीत केले.

लोहअशनीचा काप घासून गुळगुळीत करावा, त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल फिरवावे, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या चकचकीत पट्ट्यांची जाळी उमटते. ती व्हिएन्नाच्या विडमनस्टेटन यांच्या नावाने ओळखली जाते, जरी नेपल्समध्ये राहणाऱ्या विल्यम थॉमसन या इंग्रजाने ती त्यांच्याआधीच, १८०४ मध्ये, वर्णिली होती. श्रेयाच्या वाटणीत असे व्हायचेच. कमी निकेलचे आणि जास्त निकेलचे लोखंड विलग होऊन इतक्या रुंद पट्ट्या पडायच्या तर धातू लक्षावधी वर्षे निवत राहावा लागतो, आणि ही सवड कोणत्याही भट्टीत नाही, लघुग्रहाच्या पोटात आहे. हाती धरलेला तो तुकडा बहुधा एका फुटलेल्या चिमुकल्या जगाचा गाभाच असतो.

लोखंडात रुतलेले हिरवट-पिवळे ऑलिव्हीन मिरवणारे पॅलासाइट जातीचे अशनी म्हणजे गाभा आणि त्यावरचे खडकाळ प्रावरण यांची सीमा, असे पाठ्यपुस्तके कितीतरी वर्षे ठणकावून सांगत आली. पण ही दोन पिंडांच्या टकरीतली सरमिसळ असावी, हा अलीकडचा तर्क मला अधिक सयुक्तिक वाटतो.

पडताना पाहिलेल्या अशनींत मात्र शंभरांपैकी ऐंशीहून अधिक कोंड्राइट असतात: दिसायला सामान्य, करड्या दगडात बारीक गोलके, मधूनमधून धातूचे कण, आणि जन्मापासून कधीही पूर्ण न वितळलेले. त्यांतील कार्बनयुक्त ऑर्गेल अशनी, जी १८६४ मध्ये फ्रान्समध्ये पडली, तिचे घटक वायुरूप मूलद्रव्ये वगळता सूर्याशी जुळतात. असा कच्चा माल तापला की धातू खाली जातो, खडक वर राहतो. पृथ्वीचेही असेच झाले. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटर्सन यांनी अशनींतील शिशाच्या समस्थानिकांवरून १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे काढले, त्यात ॲरिझोनातील अशनी आदळून पडलेल्या विवराजवळच्या लोहअशनीचा वाटा मोठा होता. आपल्या लोणारच्या विवराने तसा तुकडा ठेवला नाही.

तरी ही साक्ष चुलतभावांची आहे, आणि ती पुरती जुळत नाही. बाह्य गाभा निव्वळ लोखंड-निकेलपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी हलका भरतो; त्यात मिसळलेले हलके मूलद्रव्य गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन की हायड्रोजन, हा तंटा अद्याप मिटलेला नाही. एन्स्टॅटाइट जातीच्या कोंड्राइटांचे समस्थानिक पृथ्वीशी विलक्षण जुळतात, पण त्यांत मॅग्नेशियमच्या मानाने सिलिकॉन फार. ते जादा सिलिकॉन गाभ्यात उतरले म्हणावे, तर सगळेच्या सगळे तेथे मावत नाही.