गांवांत पीक, बाजारांत अन्न

आमच्या वाशीम जिल्ह्यांतील एखाद्या लहान गांवीं आश्विनांत कोणी परका मनुष्य आला, तर सोयाबीनच्या राशी पाहून या गांवांत अन्नाला तोटा असेल, असें त्याच्या स्वप्नींहि येणार नाहीं. त्याच मनुष्यानें सायंकाळीं एक जुडी मेथी अगर दोन किलो ज्वारी विकत मागून पाहावी. बहुतेक ठिकाणीं त्यास उत्तर मिळेल, "बाजाराच्या दिवशीं तालुक्याला जा." हें उत्तर कसें निर्माण झालें व त्याचा भार कोणावर पडतो, याचा विचार वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ब्रिटनमध्यें 'अन्नाचें वाळवंट' असा शब्द प्रचारांत आला. जेथें राहणाऱ्या गरीब लोकांना ताजें व परवडणारें अन्न जवळपास मिळत नाहीं, अशा वस्तीला तो लावतात. पुढें अमेरिकेच्या कृषिखात्यानें त्यास एक माप ठरविलें: गरीब वस्तीपासून मोठें किराणा दुकान शहरांत १ मैलाहून व खेड्यांत १० मैलांहून दूर असेल, तर ती वस्ती या सदरांत धरावी. हें माप आमच्याकडे लावूं गेल्यास गंमत होते. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हीं तालुक्याचीं सहा ठिकाणें धरलीं, तर बहुतेक गांवें कोणत्या तरी बाजारापासून दहाबारा मैलांच्या आंतच निघतील व आमच्या जिल्ह्यांत वाळवंट जवळजवळ नाहींच, असें ठरेल! परंतु ज्या देशांत घरोघर मोटार आहे, तेथलें हें माप. आमच्या तांड्यावरील बाईला सहा मैल म्हणजे एक दिवसाची मजुरी व एस. टी. चें जाण्यायेण्याचें भाडें. म्हणून आमच्याकडे हें अंतर मैलांनीं न मोजतां दिवसांनीं मोजावें, हें बरें. आणि तें बहुधा सात दिवसांचें भरतें.

ही स्थिति पूर्वापार नव्हती. ज्वारीचें शेत म्हणजे नुसतें ज्वारीचें शेत नसे. त्यांत तुरीचीं तासें असत, मूग व उडीद असे. कडेला अंबाडी, बरबटी, तीळ. धुऱ्यावर दोडक्याचा वेल, भेंडी, वाळकें. निंदावयास गेलेली बाई परत येतांना ओट्यांत तरोटा, घोळ, चिवळ, केना, तांदुळजा यांपैकीं कांहीं तरी घेऊन येई, व त्या दिवसाची भाजी फुकट होई. रब्बींत करडई व जवस पिके; त्यांचें तेल घाणीवरून येई. कडब्यावर गुरें पोसत, म्हणून दूधहि घरचें. या सर्व वस्तूंना बाजारभाव होता कीं नाहीं, हें कोणी पाहिलें नाहीं, कारण त्या बाजारांत जातच नव्हत्या. हिशेबाच्या वहींत त्या कधीं चढल्या नाहींत आणि म्हणूनच गेल्या तेव्हां त्यांची तूटहि कोणी लिहिली नाहीं.

आतां शेतकऱ्यानें ज्वारी कां सोडली, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. संकरित ज्वारीचें कणीस भाद्रपदाच्या पावसांत सांपडलें कीं दाणा काळा पडतो व भाव निम्म्यावर येतो. पांखरें आणि रानडुकरें राखावयास रात्रंदिवस माणूस लागतें. कापणी, खुडणी, मळणी यांस मजूर मिळत नाहींत. सोयाबीन मात्र शंभर दिवसांच्या आसपास निघतें, यंत्रानें मळतें, रोखीनें विकतें आणि हरभऱ्याला रान मोकळें करून देतें. ज्याला मुलीच्या लग्नाचा व बँकेच्या हप्त्याचा विचार करावयाचा आहे, त्यानें दुसरें काय करावें? हल्लीं जिल्ह्याच्या खरीप क्षेत्रांत निम्म्याहून पुष्कळ अधिक रान एकट्या सोयाबीनखालीं आहे. तणनाशकाच्या फवाऱ्यानें तण मरतें. त्याबरोबर ती ओट्यांतली भाजीहि मरते. आणि सोयाबीन हें घरच्या चुलीवर शिजणारें धान्य नव्हे. तें तेलाच्या कारखान्यांत जातें आणि तेल होऊन दुकानांत परत येतें. विकतांना घाऊक भाव, घेतांना किरकोळ. २०२४ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें खाद्य तेलांवरील आयातकर वाढविला. तेल महागलें, परंतु त्या हंगामांत सोयाबीनचा बाजारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये या हमीभावाच्या खालींच राहिला. ज्याच्या घरांत तेलबीचें पोतें होतें, त्यानेंच तेलाची पिशवी महाग घेतली.

वऱ्हाडाला हा अनुभव अगदीं नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें कापूस पसरला, आणि १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांत या श्रीमंत समजल्या जाणाऱ्या प्रांतांत माणसें अन्नावांचून मेलीं. कापसापायीं अन्नधान्याचें रान कसें आकुंचित झालें, याचें विवेचन लक्ष्मण सत्या यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत केलें आहे. आज तसा दुष्काळ पडत नाहीं, कारण मध्यें सरकारी धान्याचें दुकान उभें आहे.

त्या दुकानाचें श्रेय कमी करण्याचें कारण नाहीं. २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा महाराष्ट्रांत १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्याअन्वयें प्राधान्य कुटुंबास माणशीं ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य दरमहा मिळतें, व १ जानेवारी २०२३ पासून तें मोफत आहे. परंतु हें धान्य मुख्यतः गहूं व तांदूळ. २०२२ च्या दिवाळीपासून कांहीं सणांना शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ व तेल यांचा शिधा याच दुकानांतून वांटला गेला. म्हणजे या वाटेनें डाळ व तेल येऊं शकतें, एवढें सिद्ध झालें. पण सण वर्षांतून थोडे.

याहून बोधप्रद गोष्ट दुसरीच आहे. कायद्याच्या यादींत न बसणाऱ्या केशरी शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांस, आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या १४ जिल्ह्यांत, ऑगस्ट २०१५ पासून माणशीं ५ किलो धान्य गहूं २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो या दरानें मिळूं लागलें. त्यांत आमचा जिल्हा होता. २०२२ मध्यें केंद्राकडून या योजनेस धान्य मिळेनासें झालें, आणि २०२३ पासून धान्याऐवजीं माणशीं दरमहा १५० रुपये बँकेच्या खात्यांत जमा करावयाचें ठरलें. कागदावर हा अदलाबदलीचा व्यवहार बरोबर वाटतो. ३० रुपये किलोचा भाव धरला तर १५० रुपयांत पांच किलो गहूं येतो. परंतु गव्हाचा भाव ३६ झाला, तर चारच किलोंहून थोडा अधिक येतो. धान्याचें पांच किलो हें पांच किलोच राहत होतें. शिवाय धान्य गांवांतल्या दुकानीं मिळत होतें, आणि पैसे मिळतात तेव्हां बँकेपर्यंत एक खेप व बाजारापर्यंत दुसरी. जेथें दुकान दाराशीं आहे, तेथें रोकड आणि धान्य यांत फारसा भेद नसेल. जेथें बाजार सात दिवसांनीं भरतो, तेथें तो आहे.

आतां बाजाराची टोपली पाहूं. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं दिलेल्या प्रमाणाप्रमाणें सर्वसाधारण माणसास दिवसास २५० ग्रॅम तृणधान्य, ४०० ग्रॅम भाज्या आणि डाळी, अंडी व मांस मिळून ८५ ग्रॅम पाहिजेत. पांच माणसांच्या घरास महिन्याला सदतीस किलोंवर धान्य लागलें. त्यांपैकीं २५ किलो सरकारी दुकान देतें. भाज्या मात्र दिवसास दोन किलो, म्हणजे आठवड्यास चौदा किलो. चौदा किलो भाजी, वर तेल, मीठ, डाळ, साबण! हें ओझें घेऊन एस. टी. च्या गर्दींत चढणारी बाई आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून ती चार किलो आणते, त्यांतहि बटाटे व कांदे अधिक. पालेभाजी तिसऱ्या दिवशीं कोमेजते. उरलेले दिवस तिखट, चटणी किंवा पातळ वरण यांवर निघतात. पावसाळ्यांत नाल्याला पूर आला कीं तांड्याचा बाजार एखादे वेळीं पंधरवड्यावर जातो.

गांवांतील दुकानदारास दोष देऊन भागणार नाहीं. दीडदोनशें घरांच्या वस्तींत टोमॅटोची पाटी ठेवली व निम्मी नासली, तर तोटा कोणी सोसावा? म्हणून तो न नासणारा माल ठेवतो: बिस्किटें, कुरकुऱ्यांचे पुडे, चहापूड, साखर. उधारीवर थोडी तूरडाळ देतो, तीहि पावशेराच्या मापानें, म्हणजे सर्वांत महाग. ज्यांच्या विहिरींवर गांवांतच भाजी पिकते, त्यांची भाजी पहांटे छोट्या हत्तींतून तालुक्याच्या लिलावांत जाते. तीच अडत्याच्या व किरकोळ विक्रेत्याच्या हातून, दोन भाडीं अंगावर घेऊन, शेजारच्या गांवीं परत येते.

यावर मोठीं दुकानें उघडावींत, असें कोणी सुचवील. अमेरिकेंत असा प्रयोग झाला. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें आढळलें कीं, नवें दुकान उघडल्यावर लोक दूरच्या दुकानाऐवजीं तेथें जाऊं लागले, पण त्यांच्या टोपलींतील पदार्थ फारसे बदलले नाहींत. तेव्हां केवळ दुकानाच्या पाटीवर विश्वासून राहूं नये. आमच्याकडे उपाय शेताच्या बाजूनें अधिक सोपा आहे. सोयाबीनच्या पट्ट्यांत तुरीचीं तासें पुष्कळजण ठेवतातच. पण ती सगळी तूर पोत्यांत भरून बाजारसमितींत जाते व डाळ विकत येते. १०० किलो तुरीची चांगल्या गिरणीवर सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें लहान दालमिल तयार केली आहे, ती एखाद्या सेवा सहकारी संस्थेस किंवा बायकांच्या बचतगटास चालवितां येण्याजोगी आहे. घरच्या वर्षाची डाळ आधीं काढून ठेवावी व उरलेली तूर विकावी, हा क्रम आजोबांच्या वेळीं होता. तो पुन्हां लावावयास सरकारी ठरावाची गरज नाहीं.

भाजीविषयींहि असेंच. दोन तीन विहीरवाल्यांनीं आपसांत वार वांटून घेऊन, लिलावास जाणाऱ्या मालांतून एक दोन पाट्या गांवच्या पारावर लिलावाच्याच भावानें ठेवल्या, तर त्यांचें भाडें व अडत वांचते आणि घेणाऱ्याचा दिवस वांचतो. धुऱ्यावरच्या दोन हातांच्या पट्ट्यावर तणनाशक मारूं नये. तेथें अंबाडी, बरबटी, भेंडी टोकावी. परसांत मोरीच्या पाण्यावर शेवगा व पपई होतात. ज्यांना बियाणें व सल्ला हवा, त्यांनीं रिसोड तालुक्यांत करडा येथील कृषि विज्ञान केंद्राकडे जावें. ज्या तांड्यांतील माणसें ऊसतोडीला जातात, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, शिधापत्रिकेवरील धान्य आतां दुसऱ्या जिल्ह्यांत, दुसऱ्या राज्यांतहि अंगठा लावून उचलतां येतें; मागें राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वांटा त्यांना गांवींच घेतां येतो.