मार्गदर्शक कुत्रा व सार्वजनिक वाहनप्रवास

दृष्टिहीन व्यक्तीला वाट दाखविण्यासाठी खास शिकवून तयार केलेल्या कुत्र्यास मार्गदर्शक कुत्रा म्हणतात. बहिऱ्या व्यक्तीस आवाजाची सूचना देणारे, चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीस वस्तू आणून देणारे इ. साहाय्यक कुत्रेही असतात. हौसेने पाळलेल्या कुत्र्याहून या कुत्र्यांचे स्थान वेगळे आहे. मार्गदर्शक कुत्रा हे त्याच्या धन्याच्या संचाराचे साधन असल्याने, त्याला वाहनात मज्जाव करणे म्हणजे त्या व्यक्तीचाच प्रवास अडविणे होय.

पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्क येथे १९१६ मध्ये असे कुत्रे शिकविण्याची पहिली शाळा निघाली. जर्मनीतील या कार्याविषयी डॉरथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन विदुषीने १९२७ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे मॉरिस फ्रँक या अंध अमेरिकन तरुणाने तिच्याशी संपर्क साधला. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडहून 'बडी' ही शिकविलेली कुत्री घेऊन मायदेशी परतला. १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. आरंभी अशा कुत्र्यांना आगगाडीत प्रवेश मिळत नसे. तथापि १९३५ पर्यंत अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी त्यांना धन्याजवळ राहू देण्याचे धोरण स्वीकारले. ब्रिटनमध्ये १९३१ पासून हे प्रशिक्षण सुरू झाले.

या कामासाठी लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर व जर्मन शेफर्ड या जाती मुख्यत्वे निवडतात. पिलू सु. एक वर्षाचे होईपर्यंत कुटुंबात वाढवून त्यास माणसांची, गर्दीची व वाहनांची सवय लावतात. त्यानंतर काही महिने पद्धतशीर शिक्षण देऊन शेवटी कुत्रा व त्याचा भावी धनी यांना एकत्र शिकवितात. कुत्र्याच्या अंगावरील पट्ट्याला ताठ मूठ असते व तिच्यातून त्याची हालचाल धन्याला कळते. कुठे जायचे हे मात्र धनीच ठरवितो. सिग्नलचे दिवे कुत्र्याला उमगत नाहीत. रहदारीच्या आवाजावरून रस्ता ओलांडण्याची वेळ धनी ठरवितो आणि वाहन अंगावर येत असल्यास कुत्रा आज्ञा मोडून जागीच थांबतो. बसस्थानकावर तो रिकामी वाट, पायऱ्या व दार दाखवितो. पण गाडी कोणत्या गावाची हे धन्याला ध्वनिक्षेपकावरून किंवा वाहकाकडूनच समजून घ्यावे लागते. गाडीत कुत्रा धन्याच्या पायांशी किंवा आसनाखाली बसतो.

भारतात असे कुत्रे अत्यंत विरळ आहेत. बहुसंख्य अंध प्रवासी पांढरी काठी व सोबती यांवरच विसंबतात आणि सवलतींची रचनाही सोबती माणूस असेल असे धरूनच झालेली आहे. रेल्वे अंध प्रवाशाबरोबर एका सोबत्यालाही भाडेसवलत देते. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतही अपंगांना सवलत आहे. कुत्र्यांविषयीचा रेल्वेचा सर्वसाधारण नियम निराळा आहे. पहिल्या वर्गातील संपूर्ण कक्ष राखून ठेवल्यास कुत्रा सोबत नेता येतो, एरवी तो गार्डच्या डब्यातील पेटीतून जातो. शयनयान व द्वितीय वर्गात त्यास परवानगी नाही. म्हणजे अंध प्रवाशाला परवडणाऱ्या वर्गात कुत्रा चालत नाही आणि कुत्रा चालतो तो वर्ग त्याला परवडत नाही. पेटीत बंद केलेला कुत्रा तर वाट दाखविण्याच्या कामीच येत नाही. विमान कंपन्यांच्या नियमांत अंध प्रवाशाचा शिकविलेला कुत्रा प्रवासी कक्षात नेण्याची सोय आढळते.

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. परभणी व पूर्णा ही लोहमार्गावरील प्रस्थानके आहेत. परळी वैजनाथ मार्गावर गंगाखेड लागते. परंतु जिंतूर, पाथरी यांसारख्या तालुक्याच्या गावांना रेल्वे नसल्याने तेथील प्रवाशांची मदार मुख्यतः एस. टी.वर असते. साध्या गाडीच्या उंच पायऱ्या, बाजाराच्या दिवशीची गर्दी आणि स्थानकाच्या आवारातील भटकी कुत्री या तिन्हींमुळे उत्तम शिकविलेल्या कुत्र्याचेही काम अवघड होते. परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने लसीकरण व औषधोपचार यांची सोय जिल्ह्यातच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक करारात (२००६) संचारासाठी सजीव साहाय्य सुलभ करण्याचे तत्त्व मान्य केलेले आहे. भारताने तो २००७ मध्ये अनुसमर्थित केला. त्यास अनुसरून झालेल्या २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क अधिनियमात वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी शासनावर आहे. हे तत्त्व गाडीच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी कुत्र्याचे ओळखपत्र व लसीकरणाचा दाखला, वाहकांना स्पष्ट सूचना आणि सामान्य वर्गात प्रवेश एवढ्या गोष्टी आवश्यक आहेत. सहप्रवाशांनीही कामावर असलेल्या कुत्र्यास हाक मारू नये, खाऊ घालू नये किंवा कुरवाळू नये. त्याचे लक्ष विचलित झाल्यास धन्याला अपघात होण्याचा संभव असतो.