बर्फातली स्कूटी आणि एका वेळी एकच बदल

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये 'चल', 'नियंत्रण', 'गोंधळ घालणारा घटक' असे शब्द वाचताना झोप येते, हे मला माहीत आहे. मलाही यायची. मला ते खरे कळले श्रीनगरला फिल्डवर्क करताना, एका स्कूटीमुळे.

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासूनच्या 40 दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणतात. हिवाळ्यातला हा सगळ्यात कडक काळ. सकाळी तापमान उणे 5 च्या आसपास. मी सेल्फ मारला, 'टक्' असा आवाज आला आणि सगळं शांत. या गाडीला किक नव्हती. मग मी घाईत तीन गोष्टी केल्या : बॅटरी काढून दोन तास खोलीत ठेवली, प्लग पुसला आणि इंजिनवर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं टाकलं. गाडी चालू झाली. मी खूश!

दुसऱ्या दिवशी पुन्हा 'टक्'. घरमालक चाचांनी सहज विचारलं, काल नक्की कशाने चालू झाली होती? मला उत्तर देता येईना. तीन बदल एकदम केले होते, त्यामुळे उत्तर मिळालं पण ज्ञान मिळालं नाही.

आधी प्रश्न फोडा

'गाडी चालू होत नाही' हा संशोधनाचा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात : ते पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, पेट्रोलची वाफ झाली पाहिजे आणि ठिणगी पडली पाहिजे. थंडी यातल्या प्रत्येकावर वेगळ्या वाटेने परिणाम करते.

बॅटरी : लेड-ॲसिड बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. शून्य अंशाला तिची क्षमता साधारण 80 टक्क्यांवर येते. पूर्ण उतरलेली बॅटरी तर उणे 10 च्या आसपास आतून गोठू शकते. चार्ज असलेली बॅटरी इतक्या सहज गोठत नाही, कारण तिच्यातलं आम्ल जास्त तीव्र असतं.

ऑइल : थंडीत ते घट्ट होतं. डब्यावरच्या 10डब्ल्यू-30 मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. तो आकडा जितका कमी, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं.

पेट्रोल : श्रीनगरच्या थंडीत ते गोठत नाही, पण त्याची वाफ कमी होते. म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना चोक ओढावा लागतो. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवून पंपाचा आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबायचं, मग सेल्फ मारायचा. सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये थोडी विश्रांती द्यायची.

पाच सकाळी

मग मी वही काढली. रोज संध्याकाळी चार्जरने बॅटरी पूर्ण भरायची, म्हणजे प्रत्येक रात्रीची सुरुवात सारखी. पहिल्या रात्री बॅटरी गाडीतच : सकाळी बंद. दुसऱ्या रात्री खोलीत : चालू. तिसऱ्या रात्री पुन्हा गाडीत : बंद. चौथ्या रात्री खोलीत : चालू. प्लग आणि इंजिन यांना हातही लावला नाही.

झालं, सिद्ध झालं? थांबा. बॅटरी खोलीत नेताना मी नकळत आणखी एक बदल करत होते : तिच्या वायरी सुटत होत्या. समजा गाडीत कुठेतरी करंट गळत असेल, तर वायरी सोडल्यामुळेही बॅटरी वाचली असती. हाच तो 'गोंधळ घालणारा घटक'. म्हणून पाचव्या रात्री वायरी सोडल्या, पण बॅटरी गाडीतच ठेवली. सकाळी गाडी बंद. म्हणजे दोष गळतीचा नव्हता, थंडीत बॅटरी कमी पडत होती.

यातून किती म्हणता येईल? एवढंच की या बॅटरीला ही थंडी झेपत नव्हती. तुमच्या गाडीत दोष घट्ट ऑइलचा असू शकतो. पाच सकाळींवरून 'सर्व स्कूटर' असं वाक्य लिहिलंत तर गाईड लाल पेन काढणारच.

चालू झाली, आता हलवायची कशी?

आधी गाडी मेन स्टँडवर घ्या. थंड इंजिन जास्त वेगाने फिरत असेल तर क्लच धरून मागचं चाक स्वतःहून फिरू शकतं. ॲक्सिलरेटरची मूठ पिळून सोडा. ती पटकन परत यायला हवी. केबलमध्ये पाणी गोठलं असेल तर ती अडकते, आणि ते बर्फात फार महागात पडतं. ब्रेकही रात्रीतून गोठून चिकटलेले असू शकतात, म्हणून इंजिन चालू करण्याआधी गाडी हाताने पुढे-मागे ढकलून बघा. चाकांसमोरचा बर्फ काढून तिथे वाळू किंवा राख टाका. आणि बंद शेडमध्ये इंजिन तापवत बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्कूटीला गिअर नसतात. ठरावीक वेगाला क्लच आपोआप धरतो, त्यामुळे थोडी जास्त रेस दिली की मागचं चाक जागेवरच फिरतं. किती कमी जोर पुरेसा आहे ते गणितात बघा. ओल्या बर्फाळ थरावर घर्षणगुणांक सुमारे 0.1 धरू आणि मागच्या चाकावर 60 टक्के भार. म्हणजे 100 मीटरला 6 मीटर चढ आला की गाडी वर जाणार नाही, इंजिन कितीही ताकदीचं असो.

थांबायचं अंतर काढायला वेगाचा वर्ग घ्या आणि त्याला घर्षणगुणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा. ताशी 20 किलोमीटरला कोरड्या रस्त्यावर (0.7) सव्वादोन मीटर, दाबलेल्या बर्फावर (0.2) आठ मीटर, ओल्या बर्फाळ थरावर (0.1) सोळा मीटर. शिवाय एप्रिल 2019 मध्ये भारतात 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस बंधनकारक झालं. सीबीएसमध्ये डावा ब्रेक दाबला की पुढचं चाकही थोडं धरलं जातं. बर्फावर पुढचं चाक अडकलं की गाडी आडवी.

मी कधी पडले?

कडाक्याच्या सकाळी नाही, ऊन पडलेल्या दुपारी, शून्याच्या आसपास. पाण्याच्या नमुन्यांच्या चार बाटल्या फुटल्या. ते नमुने पुन्हा घेता येत नाहीत, कारण तो दिवस परत येत नाही.

बर्फ निसरडा का असतो? शाळेत शिकलो होतो : दाबाने वितळतो. हे तपासून बघा. बर्फाचा वितळणांक एक अंशाने खाली आणायला सुमारे 135 वातावरणांचा दाब लागतो. टायरचा दाब साधारण 2 वातावरणं. म्हणजे फरक 0.015 अंश! उणे 5 ला हे स्पष्टीकरण टिकतच नाही. फॅरडेने 1850 मध्येच सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असतो. 1939 मध्ये बोडेन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला प्रयोग करून दाखवलं की घसरताना घर्षणाच्या उष्णतेनेही पाणी तयार होतं. शून्याजवळ हे पाणी सहज होतं, म्हणून ती उन्हाची दुपार सकाळपेक्षा धोकादायक होती.

मला हे गणित पडल्यावर सुचलं. त्याला कागद, पेन आणि दोन मिनिटं लागतात. तुमच्या विषयातलं असं एखादं वाक्य शोधा, जे सगळे म्हणतात पण ज्यात कुणी आकडे घातलेले नाहीत. फिल्डवर जाण्याआधी त्यात आकडे घाला. आणि फिल्डवर काही बिघडलं, तर दुरुस्तीच्या आधी वही उघडा.