घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

आधी एक कबुली. ऑनलाइन फसवणुकीवर मी आजवर तीन लेख पाडलेत. ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, वगैरे वगैरे. मास कॉमची डिग्री आहे, फोनमध्ये तीन पेमेंट अॅप्स आहेत आणि ग्रुपवर कुणाला असला काही मेसेज आला की 'हिला विचार' इतपत वट आहे. तर या मॅडम गेल्या एप्रिलमध्ये घरचा जुना कूलर विकायला निघाल्या आणि कूलरच्या किमतीएवढेच पैसे घालवून बसल्या. कूलर जागच्या जागी.

घर म्हणजे देवळी. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात येतं ते तालुक्याचं गाव. (नाशिकजवळची ती देवळाली. हे पुण्यात मला दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागतं. लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) सुट्टीत चार दिवस गेले होते. आईबाबांच्या खोलीत एसी लागला होता, त्यामुळे लोखंडी बॉडीचा भलामोठा कूलर अंगणात येऊन पडला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. कूलरला घरात जवळजवळ जावयाचा मान असतो. तो असा बाहेर उभा बघून आईला वाईट वाटत होतं. म्हटलं, विकून टाकू. दोन फोटो काढले, ४,५०० रुपये किंमत लिहिली, गाव टाकलं आणि एका अॅपवर जाहिरात सोडली.

दहा मिनिटांत फोन.

'जय हिंद मॅडम.' आवाज अगदी अदबीचा. फौजेत आहे, फॅमिली क्वार्टरवर येतेय, कूलर अर्जंट हवा. किंमत? 'आप जो बोलो मॅडम.' बघायला कधी येता? 'ड्यूटी है, मेरा लड़का गाड़ी लेके आएगा, पेमेंट मैं अभी कर देता हूँ.' पोस्टिंग? पुलगाव डेपो. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड आणि वर्दीतला फोटो.

पुलगाव आमच्याच तालुक्यात, वीसेक किलोमीटरवर. लष्कराचा तिथला दारूगोळा डेपो देशातल्या सगळ्यात मोठ्या डेपोंपैकी एक. ३१ मे २०१६ च्या पहाटेआधी तिथे आग लागून स्फोट झाले, अधिकारी, जवान आणि आग विझवायला गेलेले कर्मचारी त्यात गेले. त्या रात्रीचा विषय निघाला की आमच्याकडे आजही लोक आवाज खाली घेतात. पुलगावचा फौजी म्हटल्यावर 'कशावरून?' असं विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. मीही विचारलं नाही. त्या भामट्याला यातलं काहीही माहीत असायची गरज नव्हती. जाहिरातीत गाव दिसतं, नकाशावर जवळची छावणी दिसते. नागपुरात हाच माणूस कामठीचा होतो आणि पुण्यात खडकीचा. नंतर चॅट पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं, त्याचा पहिला मेसेज होता, 'देवलाली कैंप में हूँ.' मिनिटभराने, 'सॉरी, पुलगाव डिपो.' हा एवढा ढळढळीत मेसेज मी वाचला होता आणि त्यावर अंगठा पण दिला होता.

मग आधी दहा रुपये आले. खरे, माझ्या खात्यात. 'अकाउंट चेक किया मॅडम.' उरलीसुरली शंका तिथे गेली. दहा रुपयांत समोरच्याचा विश्वास, याहून स्वस्त सौदा त्याच्या धंद्यात दुसरा नसेल. त्यानंतर क्यूआर कोड आला. त्याच्याखाली आमच्याच कूलरचा फोटो आणि 'रिसीव्ह ४,५००' असं लिहिलेलं. फोन चालूच. 'मॅडम जल्दी, गाड़ी निकल गई है, साहब का राउंड है.' मी स्कॅन केलं. स्क्रीनवर 'पे' असं होतं, ते मी पाहिलंसुद्धा. पण कानात 'रिसीव्ह' चालू होतं. पिन टाकला.

गेले.

'अरे मॅडम, एरर आ गया. सर्वर का प्रॉब्लेम. रिफंड का कोड भेजता हूँ, दोनों मिलाके नौ हज़ार.' आणि खोटं कशाला बोलू, नऊ हजाराचा तो दुसरा कोडही मी उघडला होता.

बाबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. माझा चढलेला आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

'मोटर कोणती आहे, विचारलं का त्यानं?'

'नाही.'

'टंकी गळते का?'

'नाही.'

'भाव पाडला?'

'नाही ना बाबा, लगेच हो म्हणाला.'

बाबांनी चष्मा काढला. 'मग तो कूलर घेतच नाही आहे. ठेव तो फोन.'

बाबांना यूपीआय कसं चालतं ते विचाराल तर ते हसतील. पण जुनी वस्तू कशी विकली जाते हे त्यांना पाठ आहे. सायकल, स्कूटर, शिलाई मशीन, सगळं त्यांनी याच ओट्यावरून विकलंय. येणारा माणूस आधी वस्तूला नावं ठेवतो. गंज दाखवतो. 'इतके कायले?' म्हणतो, उठून जायचं नाटक करतो आणि फाटकापासून परत येतो. जुन्या वस्तूच्या गिऱ्हाइकाला मुळात धास्ती असते की आपल्या गळ्यात खराब माल पडेल. माझ्या 'फौजी'ला ती धास्ती नव्हती, कारण त्याला माल नकोच होता. आपण फसवणूक शोधतो फोनच्या स्क्रीनवर, आणि ती त्याच्या पाच मिनिटं आधी बोलण्यातच दिसून गेलेली असते.

आता स्क्रीनचा भागही सांगते, कारण तो दोन ओळींचा आहे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून यात बदल नाही: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात, त्याखाली कुणी 'रिसीव्ह' लिहो नाही तर 'लॉटरी' लिहो. पूर्वी ही मंडळी क्यूआरऐवजी पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवायची आणि लोक घाईत 'मंजूर' करायचे. व्यक्तीने व्यक्तीला अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआरचं दार मात्र उघडंच आहे, ते बंद कसं करणार? त्यावर तर आपला चहावाला चालतो.

तुम्हाला वाटत असेल, एवढं साधं कळू नये? फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने ओएलएक्सवर जुना सोफा विकायला काढला होता. आधी विश्वासासाठी किरकोळ रक्कम आली, मग क्यूआर आला आणि २०,००० रुपये गेले. 'चूक झाली, परत करतो' म्हणत दुसऱ्या फेरीत आणखी १४,०००. माझ्याच कूलरची गोष्ट, फक्त आकडे मोठे आणि ओट्यावर बाबा नाहीत. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि, हो, हसले होते.

याचे चुलतभाऊही आहेत. एक जण पाच हजारांऐवजी पन्नास हजार 'चुकून' पाठवल्याचा बँकेसारखा दिसणारा एसएमएस टाकतो आणि वरचे परत मागतो. तो एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो, बँकेचा तसा येत नाही. दुसरा प्रत्यक्ष दारात येतो, खोट्या अॅपवरची हिरवी टिक दाखवतो आणि वस्तू उचलून निघतो. दोन्हींवर इलाज एकच, आपलं अॅप उघडून खात्यातली शिल्लक बघणं. त्याच्या फोनकडे बघूच नका.

बाबांनी फोन ठेवायला लावल्यावर मी पाच मिनिटं नुसती बसून होते. लाज वाटते हो, पैशांपेक्षा जास्त. ती पाच मिनिटंच महाग पडतात. मग १९३० लावला. सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाइन. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडून प्रश्न आला, 'फौजी का?' व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी एवढं त्यांना लगेच हवं असतं. ते हाताशी ठेवूनच फोन करा, नाहीतर शोधण्यात वेळ जातो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात पळत असतात. ही खातीही बहुतेक भाड्याने घेतलेली, कुणा भलत्याच्याच नावाची. पैसे काढले जायच्या आत निरोप पोचला, तर मधल्या बँकेत रक्कम अडवता येते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते, ते २०१९ पासून आहे. माझे ४,५०० पैकी २,९०० अडले. बाकीचे एटीएममधून निघून गेले होते. अडलेलेही अजून हातात आलेले नाहीत. आणि बँकेकडून भरपाई? रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांचं संरक्षण होतं, पण ते परवानगीविना झालेल्या व्यवहारांना. पिन मी माझ्या हाताने टाकला होता.

हा उद्योग कुणी एकटा फावल्या वेळात करत नाही. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणाच्या नूह जिल्ह्यात पोलिसांनी एका रात्रीत १४ गावांवर छापे घातले, त्यासाठी पाचेक हजार पोलीस लागले होते. माझ्या फौजीची वर्दीही बहुधा कुणा खऱ्या जवानाची. ओळखपत्रावरचा चेहरा अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल की तो रोज किती घरांतले सोफे नि फ्रिज विकत घेतो. मी ते फोटो कुणालाही पुढे पाठवलेले नाहीत.

कूलर शेवटी गेला. तिसऱ्या दिवशी गावातलेच एक काका जाहिरात न बघताच आले, आईने शेजारी सांगून ठेवलं होतं. आल्या आल्या टंकीत हात घातला. 'गंजली न ही.' मग मोटर फिरवून बघितली. 'कॉपरची हाय का अॅल्युमिनियमची?' ताट्या बदलाव्या लागतील, पंप गेलेला दिसतो, चाकं जाम आहेत, रंग तर बघा. त्यांनी दोन हजारांपासून सुरुवात केली. बाबा चार हजारांवर अडून. पाऊण तास चाललं, मधे चहा झाला, काका एकदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. ३,२०० ला तुटलं.

'स्कॅनर दाखवा,' काका म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांचा क्यूआर पुढे केला. काकांच्या फोनवर टिक आली. बाबांनी चष्मा चढवला, स्वतःचं अॅप उघडलं, शिल्लक बघितली, पुन्हा एकदा बघितली आणि मगच म्हणाले, 'बांधा आता दोरी.'