धामचं पाणी शेवटी कुठं जातं?

पवनारच्या पुलावर पावसाळ्यात पाच मिनिटं थांबून पाहावं. उन्हाळ्यात दगडांच्या फटींतून झिरपणारी धाम जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर चहाच्या रंगाची होते. आणखी दोन पाऊस झाले की काळपट. तो रंग नदीचा नसतो. पवनार-सेवाग्राम पट्ट्यातल्या वावरांचा असतो. पऱ्हाटीच्या दोन तासांमधली मोकळी माती, नुकताच टाकलेला युरिया, धुऱ्यावरचा काडीकचरा, बियाण्याची रिकामी पाकिटं, सगळं त्यात असतं. पुलावरून जाणारा माणूस 'पाणी आलं' म्हणतो आणि पुढे जातो. पाणीही पुढे जातं. ते कुठे जातं, याबद्दल मात्र आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत.

'विदर्भाला समुद्रच नाही, आपला काय संबंध?'

सेवाग्रामच्या चौकात हा विषय काढला की पहिलं वाक्य हेच येतं. समुद्र म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते, आणि मुंबईला जायला रात्रभराची रेल्वे लागते. पण आपल्या पाण्याला मुंबईला जायचंच नसतं. धाम वणेला मिळते, वणा वर्धा नदीला. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होतात, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि धवलेश्वरमच्या बंधाऱ्याखाली गोदावरी फाटे फोडत बंगालच्या उपसागरात शिरते. एक फाटा यानमकडे जातो, एक अंतर्वेदीला. नकाशावर पट्टी ठेवून पाहा: सरळ रेषेत सेवाग्रामहून काकीनाड्याचा किनारा मुंबईपेक्षा थोडा जवळच आहे.

गंमत अशी की वर्धा नदी उगम पावते मुलताईच्या परिसरात, आणि तापीही तिथलीच. एकाच डोंगराळ मुलखातलं थोडं पाणी सुरतेला जातं, थोडं आंध्रच्या किनाऱ्याला. आणि गोदावरी म्हटलं की आपण नाशिक-पैठणचं नाव घेतो; पण गोदावरीच्या खोऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या प्राणहितेचा आहे. म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यावरचा कोळी ज्या नदीच्या पाण्यावर जगतो, तिच्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे.

हा संबंध आजचाही नाही. २००६ साली गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळातून गाळाची एक लांबलचक नळी काढण्यात आली. तिचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: गेल्या काही हजार वर्षांत, मध्य भारत कोरडा होत गेला आणि शेती वाढत गेली, तसतशी दख्खनच्या काळ्या खडकाची माती समुद्रतळावर जास्त साचत गेली. आपल्या पूर्वजांनी रान साफ केल्याची नोंद तिथे तळाशी पडून आहे. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग पवनारला धामच्या पात्रात विसर्जित झाला, त्यालाही पुढे हीच वाट होती. मिठासाठी चालत समुद्रापर्यंत गेलेला माणूस समुद्रापासून इतक्या लांब येऊन राहिला खरा, पण नदीच्या हिशेबात तो समुद्राच्या वाटेवरच होता.

'वावरातली माती वाहून गेली तरी समुद्राला मिळते, वाया जात नाही'

हा गैरसमज शिकलेल्या माणसांत जास्त आढळतो. ऐकायला पटतोही. नदी गाळ नेते, गाळाने त्रिभुज प्रदेश बनतो, मग वाईट काय?

वाईट हे की आता माती निघते पण पोचत नाही. आंध्र विद्यापीठाच्या हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांचा अभ्यास २००४ साली 'करंट सायन्स'मध्ये आला होता. त्यानुसार १९७० च्या दशकात गोदावरी दरवर्षी सुमारे १५ कोटी टन गाळ खाली नेत होती. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्याही खाली आला. मधल्या पंचवीसेक वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडच्या कडेची १,८०० हेक्टरांहून जास्त जमीन समुद्राने गिळली, आणि अभ्यासकांनी बोट ठेवलं ते धरणांवर.

वरच्या बाजूला पाऊस पूर्वीइतकाच आपटतो, कापूस-सोयाबीनची वावरं पूर्वीसारखीच उघडी असतात, पण सुटलेली माती मधल्या तलावांत आणि धरणांत अडकते. शेतकऱ्याची माती गेली, धरणाची साठवण घटली, आणि किनाऱ्याच्या हाती काहीच आलं नाही. तिघांचं नुकसान. राज्य सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली ती याच दुखण्यावर. तलावातला गाळ ट्रॅक्टरने पुन्हा वावरात. जी माती पावसाने फुकट नेली, ती डिझेल जाळून परत आणायची!

मग कुणी म्हणेल, किनाऱ्याला गाळ हवा तर माती वाहू द्या, धुरे कशाला घालता? नाही. इथे मातीत फरक करावा लागतो. आपली काळी माती अगदी बारीक. पाण्यात तरंगत जाते आणि खाजणात, तिवरांच्या मुळांशी बसते. समुद्राची लाट थोपवणारी पुळण मात्र जाड रेतीची असते, आणि ती रेती वावरातून येत नाही, नदीच्या पात्रातून सरकत जाते. वर्धा आणि वैनगंगेच्या रेती घाटांतून ट्रकच्या ट्रक भरून जी उचलली जाते, ती हीच. म्हणजे धुरा घालणारा शेतकरी किनाऱ्याचा गुन्हेगार नाही. हिशेब मागायचाच तर तो धरणांचा आणि रेतीचा मागावा. चोरटी रेती आपल्याकडे फक्त महसुलाचा प्रश्न समजली जाते, याचं मला नेहमी नवल वाटतं.

'समुद्राला मिळालेलं पाणी वाया गेलं'

भाषणांत सर्वांत जास्त टाळ्या घेणारं वाक्य. वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हाही ते ऐकू आलं. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्याने बुलढाण्यापर्यंत न्यायचं आहे, वाटेत वर्धा जिल्हाही आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवं, यात वाद नाही. वाद 'वाया' या शब्दाशी आहे.

पावसाळ्यात गोदावरीच्या मुखातून गोड्या पाण्याचा लोट समुद्रात शिरतो, त्याची चाहूल घेऊन हिलसा मासा समुद्रातून उलटा नदीत चढतो, अंडी घालायला. नदीत चढला की तेलुगू माणूस त्याला पुलसा म्हणतो. जुलै ते सप्टेंबर एवढाच त्याचा हंगाम, भाव किलोला हजारो रुपये. मंगळसूत्र विकावं लागलं तरी पुलसा खावा, अशी तिकडे म्हणच आहे. धवलेश्वरमच्या बंधाऱ्याला तो अडतो. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने हा बंधारा १८५२ मध्ये पुरा केला तेव्हापासून ही अडवणूक चालू आहे. लोट कमी, तर पुलसाची वाटच अस्पष्ट.

गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याचं उलटं आहे. तो राहतो गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्लं मचूळ पाण्यातच जगतात आणि मग नदीने वर चढू लागतात. वाटेत भिंती उभ्या राहिल्या की वरच्या भोई-ढीवरांच्या जाळ्यात तो येणार कसा? म्हणजे 'समुद्राची मासेमारी' आणि 'आपल्या नदीची मासेमारी' हे दोन वेगळे धंदे नाहीत. गोदावरीच्या मुखाशी असलेल्या कोरिंगाच्या तिवरांना तर गोडं आणि खारं पाणी ठरावीक मापात मिसळलेलं लागतं. त्यांच्या मुळांशी कोळंबी आणि खेकडे वाढतात, आणि त्यांवर काकीनाडा-यानमच्या छोट्या होड्यांची चूल पेटते. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बंदी उठून बोटी निघतात तेव्हाच आपल्याकडे मृग बरसत असतो.

पाणी द्यायचं की अडवायचं हा राजकीय निर्णय आहे, तो लोकांनी घ्यावा. पण हिशेबाच्या वहीत समुद्राच्या रकान्यात शून्य मांडून नव्हे.

'युरिया पिकाला मिळतो, जास्तीचा मातीत राहतो'

४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असतं. त्यातलं निम्म्याच्या आसपासच पिकाच्या वाट्याला येतं. उरलेलं काही वायू होऊन उडतं, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं, काही वाहून जातं. सगळं समुद्रात जातं असं मात्र म्हणू नये. पहिला फटका आपल्या विहिरीला बसतो, नंतर नदीला, समुद्र शेवटी.

शेवटी काय होतं, त्याचं जगात गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं. समुद्रापासून हजार-दीड हजार किलोमीटर आत, आयोवा-इलिनॉयच्या मक्याच्या शेतांतलं नत्र मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात पोचतं. तिथे शेवाळ माजतं, मरतं, कुजताना तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन खातं. २०१७ च्या उन्हाळ्यात असा गुदमरलेला पट्टा २२,७०० चौरस किलोमीटर मोजला गेला. तिथून मासे पळतात, कोळंबीवाल्यांना बोटी लांब न्याव्या लागतात. आपल्या बंगालच्या उपसागरात साधारण १०० मीटरच्या खाली ऑक्सिजन फार कमी असलेला थर आहे. तो मुळात नैसर्गिक आहे. त्याचं खापर वर्ध्याच्या कापूस उत्पादकावर फोडणं खोटेपणा होईल. पण आधीच दम लागलेल्या माणसाच्या छातीवर ओझं ठेवू नये, एवढं तर कळतं.

'प्लास्टिक किनाऱ्यावरचे लोक टाकतात'

टाकतात. आपणही टाकतो. नाल्याला पूर आला की बियाण्याचं रिकामं पाकीटही पुढे जातं.

'म्हणजे सगळा दोष वरच्यांचा'

नाही, हाही गैरसमजच, आणि किनाऱ्याकडच्यांना तो सोयीचा. गोदावरीच्या मुखाशी कोळंबीच्या तळ्यांसाठी तिवरं तोडली गेली ती वर्ध्याच्या माणसाने नव्हे. काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावाची घरं आणि रस्ता समुद्र खातो आहे, त्यात बंदराच्या बांधकामांचाही भाग आहे. आणि पूर एकाच बाजूला बुडवतो असंही नाही. जुलै २०२२ आठवून पाहा: हिंगणघाटच्या वस्त्यांत वणेचं पाणी शिरलं, त्याच महिन्यात भद्राचलमला गोदावरी ७१ फुटांच्या वर गेली आणि धवलेश्वरमहून २५ लाख क्युसेकपेक्षा जास्त पाणी समुद्रात गेलं. गावं दोन्हीकडची बुडाली.

पुढच्या वेळी पवनारच्या पुलावरून जाताना पाण्याचा रंग बघा. आणि यंदा कपाशीला युरियाचा दुसरा हप्ता देणार असाल, तर मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकू नका. पाऊस उघडल्यावर, ओल असताना, झाडाच्या बुडाशी द्या आणि डवरणीने मातीआड करा. त्यात पहिला फायदा तुमच्याच खिशाचा आहे.