बारीक आटे : पाडायचे कसे आणि तपासायचे कसे?

लहान मुलाच्या चष्म्याची काडी निखळली की घरात शोधाशोध सुरू होते ती त्या इवल्याशा स्क्रूची. तो बहुतेक वेळा सापडत नाही. मग जुन्या खेळण्यातला नाहीतर बंद घड्याळातला एखादा स्क्रू आणून बसवून बघितला जातो. दोन फेरे तो छान जातो, तिसऱ्याला अडतो. जरा जोर लावला की आत जातोही! पण त्या जोरात चष्म्याच्या भोकातले आटे मोडतात, आणि नंतर दुकानातून बरोबर मापाचा स्क्रू आणला तरी तो तिथे टिकत नाही.

पहिले दोन फेरे का जातात आणि तिसऱ्याला का अडतं, हा प्रश्न वर्गात विचारून बघा. 'स्क्रू जाड असेल' हे उत्तर लगेच येतं. पण जाड असता तर तो पहिल्या फेऱ्यालाच गेला नसता. खरं कारण बहुधा दुसरं असतं.

स्क्रूवरच्या एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की एक पिच पुढे सरकतो. (अकरावीच्या प्रयोगशाळेतलं स्क्रू गेज याच गोष्टीवर चालतं. तिथली पिच बहुधा १ किंवा ०.५ मिमी असते.) 'एम ३' म्हणजे बाहेरून ३ मिमी व्यासाचा मेट्रिक स्क्रू, त्याची पिच ०.५ मिमी. एम २ ची पिच ०.४ आणि एम १ ची ०.२५ मिमी. चष्म्याचे स्क्रू साधारण १.२ ते १.६ मिमी व्यासाचे, म्हणजे या शेवटच्या दोघांच्या मधले.

आता स्क्रूची पिच ०.५ आणि भोकाची ०.५३ आहे असं समजा. पहिल्या फेऱ्यात फरक ०.०३ मिमीचा. आट्यांमध्ये थोडी ढिलाई ठेवलेलीच असते, ती एवढं पोटात घालते. पाच फेऱ्यांनंतर मात्र तोच फरक ०.१५ मिमी होतो आणि आटे एकमेकांवर चढतात. पिचमधली चूक फेऱ्यागणिक साठत जाते, म्हणून ती सुरुवातीला कळत नाही.

हे आकडे मी हवेतून घेतलेले नाहीत. ०.५३ ही '६ बीए' नावाच्या स्क्रूची पिच आहे. जुन्या कॉलेजांत इंग्लंडहून आलेले गॅल्व्हानोमीटर, ॲमीटर अजून कपाटात असतील तर त्यांवर हे बीए स्क्रू सापडतात. ६ बीए चा व्यास २.८ मिमी, म्हणजे दिसायला अगदी एम ३ सारखा. आट्यांचा कोनही वेगळा, मेट्रिकमध्ये ६० अंश आणि बीए मध्ये ४७.५ अंश. दुरुस्तीच्या उत्साहात एम ३ चा स्क्रू तिथे पिळू नका.

बीए ची गोष्ट गणिताच्या शिक्षकांना आवडेल. घड्याळजी पूर्वी आटे पाडायला 'स्क्रू प्लेट' वापरत. ही कडक पोलादाची पट्टी, तिच्यात चढत्या क्रमाने आट्यांची भोकं. तार त्यात पिळली की आटे कापले जाण्यापेक्षा दाबून उठत. अडचण अशी, की प्रत्येकाची प्लेट वेगळी, म्हणून एका कारागिराचा स्क्रू दुसऱ्याच्या घड्याळाला बसेलच असं नाही. जिनिव्हाचे प्राध्यापक मार्क थ्युरी यांनी स्विस घड्याळांत वापरात असलेले स्क्रू अभ्यासले आणि त्यातून एक सूत्र बसवलं. ब्रिटिश असोसिएशनने १८८४ मध्ये त्याच धर्तीवर आपली मालिका ठरवली. क्रमांक ० ची पिच १ मिमी आणि पुढच्या प्रत्येकाची आधीच्याच्या ०.९ पट. म्हणजे सरळ भूमिती श्रेढी. व्यास काढायचा तर पिचचा १.२ वा घात करायचा आणि ६ ने गुणायचं. कॅल्क्युलेटर घेऊन ६ बीए ची पिच मुलांना काढू द्या : ०.९ चा सहावा घात, ०.५३ येतो की नाही बघा. श्रेढीचं याहून हातात धरता येणारं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता आटे पाडायची हत्यारं. भोकात आटे पाडतो तो टॅप आणि दांड्यावर पाडते ती डाय, हे आयटीआयच्या मुलांना पाठ असतं. भोक किती मिमीचं पाडायचं, याचा सोपा हिशोब असा की व्यासातून पिच वजा करायची. एम ६ ला ५ मिमी, एम २ ला १.६, एम १ ला ०.७५. मोठ्या कामात इथे थोडं इकडेतिकडे चालून जातं. समजा, दोन्ही भोकं चुकून ०.०५ मिमीने मोठी पडली. एम ६ मध्ये आटे एका बाजूला साधारण ०.५ मिमी पकडणार होते, ते आता ०.४७५ पकडतील. नुकसान पाच टक्के. एम १ मध्ये पकड ०.१२५ ची ०.१ होते, म्हणजे वीस टक्के गेले. चूक तेवढीच, पण किंमत चौपट. वहीचा एक कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. एम १ चा सगळा आटा दीड कागद खोल आहे, हे लक्षात घेतलं की घड्याळाच्या कामाला इतकी तलम हत्यारं का लागतात ते समजतं.

दुसरी अडचण ताकदीची. पीळ सोसायची दांड्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यास निम्मा केला की ताकद एक अष्टमांश. एम ६ च्या टॅपशी तुलना केली तर एम १ चा टॅप ढोबळमानाने दोनशे पटींहून अशक्त. म्हणून तो नेहमीच्या लांब दांडीच्या टॅप रेंचमध्ये धरत नाहीत. छोट्या पिन व्हाइसमध्ये धरून बोटांच्या चिमटीत फिरवतात, म्हणजे जास्त जोर लावताच येत नाही. थोडं पुढे, थोडं मागे, कीस तुटू द्यायचा, तेल द्यायचं. टॅप भोकाला जरा तिरका गेला तरी मोडतो. आणि मोडला की तुकडा आत. टॅप कडक पोलादाचा, त्याला ड्रिल लागत नाही.

यावर घड्याळजींचा एक जुना उपाय आहे, तो रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखा. पितळेच्या प्लेटमध्ये पोलादी स्क्रू किंवा टॅप मोडला, तर ती प्लेट तुरटीच्या गरम द्रावणात ठेवतात. तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं, ते पोलाद हळूहळू खातं, पितळेला मात्र फारसं काही करत नाही. प्लेटवरचे बाकीचे पोलादी भाग आधी काढून ठेवायचे, नाहीतर तेही विरघळतील!

आटे पाडून झाले. बरोबर झाले का, हे कसं ओळखायचं? डोळ्याला दिसत नाही, भोकाच्या आत व्हर्नियरचे जबडे जात नाहीत. त्यासाठी कारखान्यात गो आणि नो-गो गेज वापरतात. एका मुठीच्या दोन टोकांना आट्यांचे दोन दांडे. 'गो' बाजू भोकात शेवटपर्यंत सहज गेली पाहिजे. 'नो-गो' बाजू जाता कामा नये, फार तर दोन फेऱ्यांपर्यंत चालते. एम २ च्या नेहमीच्या दर्जाच्या भोकात पिच व्यास, म्हणजे आटा आणि खाच सारख्या रुंदीचे असतात तिथला व्यास, १.७४ ते १.८३ मिमी चालतो. या ०.०९ मिमीच्या फटीत भोक आहे एवढंच गेज सांगतं. नेमकं माप सांगत नाही, आणि सांगायची गरजही नसते.

दोन्ही बाजू नीट बघितल्या तर एक गंमत दिसेल. गो बाजू लांब, आटे पूर्ण. नो-गो बाजू आखूड, दोन-तीनच आट्यांची आणि त्यांचे माथेही कमी केलेले. हे काटकसरीसाठी नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरला भिंगं बनवणाऱ्या विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये मांडलेलं हे तत्त्व आहे : गो गेजने सगळं एकत्र तपासावं, नो-गो ने एका वेळी एकच गोष्ट तपासावी.

का? समजा, एका भोकाचा व्यास नको इतका मोठा झालाय आणि पिचही चुकली आहे. त्यात लांबलचक, पूर्ण आट्यांचा नो-गो घालून बघितला. पिच चुकल्यामुळे तो तीन फेऱ्यांत अडकेल. तपासणारा म्हणेल, 'नो-गो जात नाही, म्हणजे भोक मोठं नाही, पास!' एका चुकीने दुसरी झाकली. आखूड नो-गो ला पिचची चूक जाणवतच नाही, त्यामुळे तो सरळ आत जातो आणि भोक पकडलं जातं. मला हे वाचताना आपल्या प्रश्नपत्रिका आठवतात. अपूर्णांक, एकक आणि शब्दांचं गणित एकाच प्रश्नात कोंबतो, मुलाचं उत्तर चुकतं आणि नेमकं काय येत नाही ते शेवटपर्यंत कळत नाही.

बाहेरच्या आट्यांचं प्रत्यक्ष माप हवं असेल तर तीन तारांची पद्धत आहे. एका बाजूच्या दोन खाचांत दोन, समोरच्या खाचेत एक अशा सारख्या जाडीच्या तारा बसवून त्यांवरून मायक्रोमीटर लावतात आणि हिशोबाने पिच व्यास काढतात. ६० अंशांच्या आट्याला सर्वांत सोयीची तार पिच भागिले वर्गमूळ ३ इतक्या जाडीची. ३०-६०-९० च्या त्रिकोणातून दहावीचं मूलही हे काढू शकेल. एम १ साठी ही तार ०.१४४ मिमीची येते. तीन केसांसारख्या तारा, वर मायक्रोमीटर आणि मध्ये न दिसणारा स्क्रू, एवढं दोन हातांत सांभाळायचं म्हणजे कसरतच.

म्हणून अगदी बारीक स्क्रूंसाठी सावली बरी पडते. अमेरिकेतले जेम्स हार्टनेस आणि रसेल पोर्टर यांनी पहिल्या महायुद्धानंतर आट्यांची सावली मोठी करून पडद्यावर पाडणारं यंत्र बनवलं. हार्टनेस हे व्हरमाँट राज्याचे गव्हर्नरही होते, आणि पोर्टर हौशी मंडळींना दुर्बिणी करायला शिकवायचे. आजचे प्रोफाइल प्रोजेक्टर त्याच जातीचे. ५० पट मोठं केलं की एम १ ची पाव मिलिमीटरची पिच साडेबारा मिलिमीटरची दिसते, मग पारदर्शक कागदावर काढलेली बरोबर आकृती तिच्यावर ठेवून कुठे जुळत नाही ते बघता येतं.

शाळेत हे यंत्र नसतं, पण मोबाइल असतो. स्टीलची पट्टी आणि तिच्या काठाला लागून स्क्रू ठेवा, बरोबर वरून फोटो घ्या आणि मोठा करा. एकच पिच मोजायला जाऊ नका. पहिल्या माथ्यापासून अकराव्या माथ्यापर्यंतचं अंतर बघा आणि दहाने भागा, म्हणजे वाचनातली चूकही दहाने भागली जाते. आटे कमी असतील तर सहाव्या माथ्यापर्यंत मोजून पाचने भागा. पाच पिचांना २ मिमी आले तर ०.४, पावणेदोन आले तर ०.३५. चष्म्याचा स्क्रू हरवायच्या आधीच असा एक फोटो काढून ठेवला, तर दुकानात जाताना तोच दाखवता येईल.