प्रचितगडाच्या रानातलं अस्वल

शृंगारपूरहून प्रचितगडाची वाट धरणाऱ्याला मी आधी अस्वलाबद्दल सांगतो. गडामागे चांदोलीचं रान लागतं. 2010 पासून ते कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, म्हणून जो तो वाघाचं विचारतो. अस्वलाची चौकशी कोणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याची ओळख पटते वारुळापाशी. टणक वारूळ उकरून खोल भोक पाडलेलं, कडेला नखांचे लांब ओरखडे. अस्वल तोंड खुपसून आधी धूळ फुंकून काढतं, नाकपुड्या मिटतं आणि वाळवी ओढून घेतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून वाळवी आत जाते. तो सुस्कारा लांबवर ऐकू येतो.

ओल्या मातीत ठसा मिळाला तर बोटं मोजा. बिबट्याची चार, नखं उमटत नाहीत. अस्वलाची पाच, जवळजवळ एका ओळीत, नि नखांच्या खुणा बऱ्याच पुढे.

प्रत्यक्ष दिसलंच तर काळे, लांब, विस्कटलेले केस, मळकट पांढरं तोंड आणि छातीवर पांढरा पट्टा. हिमालयातलं काळं अस्वल वेगळं, ते आपल्याकडे नाही.

करवंदं-जांभळं पिकली की जाळीत शिरण्याआधी मोठ्याने बोला. त्याचं नाक तिखट, पण नजर अधू. माणूस अचानक समोर आला की ते बिथरून अंगावर येतं. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी दिसली तर न पळता, हळूहळू मागे सरा.